डोक्यावर पाटी, पोटाशी दर्पण

घिवलीच्या जमनाला हळू बोलता येत नाही. प्रयत्नच केला नाही कधी. मुरब्याहून लग्न होऊन आली तेव्हा सासू म्हणाली, बोईसरच्या बाजारात बसायचं तर आवाज पाहिजे. तिने तो लावला आणि मग तो उतरलाच नाही. घरात मीठ मागायचं तरी शेजारच्या आळीला कळतं. आणि आता गुडघा गेला तरी आवाज शाबूत आहे, हे ती सगळ्यांना ऐकवते.

गुडघा गेला तो गेल्या हंगामात. बंदरावरून पाटी घेऊन वर चढताना पाय मुरगळला, पाटी गेली, करंदी वाळूत सांडली. डॉक्टरने सरळ सांगितलं, डोक्यावर वजन बंद. जमनाने डॉक्टरलाच विचारलं, मग डोकं ठेवायचं कशाला? पण हंगाम संपेपर्यंत तिलाही कळून चुकलं की हे जमणार नाही.

आता प्रश्न होता जागेचा.

बाजारात शिरल्या शिरल्या पहिल्या ओट्याचं टोक, जिथे स्टेशनकडून येणारं गिऱ्हाईक आणि बसमधून उतरणारं गिऱ्हाईक दोन्ही समोर येतं, ती जागा जमनाची. त्याआधी तिच्या सासूची. या ओट्यावरच्या बायकांचा एक रिवाज आहे, आणि तो कुठे लिहिलेला नाही म्हणून तर कुणी मोडत नाही. जागा सुनेला किंवा लेकीला द्यायची तर नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या बाजाराला द्यायची. नवीने स्वतःच्या डोक्यावरून भरलेली पाटी आणायची आणि जुनीने स्वतःच्या दोन्ही हातांनी ती उतरवून ओट्यावर टेकवायची. उतरवताना तिसऱ्या कुणाचा हात पाटीला लागला तर जागा मोकळी. मग ती जिची आधी मागणी असेल तिची. हमालाने पाटी आणली तर विचारायलाच नको, बाजार वर्षभर हसतो.

आणि मागणी होती. जमनाच्या शेजारी बसणारी ठकी आपल्या भाचीसाठी ती जागा डोळ्यांत तेल घालून बघत होती. वाईट बाई नव्हे ती. पंचवीसेक वर्षं दोघी एकमेकींच्या मासळीवरून माशा हाकलत बसल्या होत्या. पण जागा म्हणजे जागा.

जमनाचा नवरा कमलाकांत वारून बरीच वर्षं झाली. लेक स्वाती लग्न करून वैतरणाला. मुलगा धीरज होडीवर. राहिली सून हेमाली. धडधाकट, मानेची ताठ, पाटी घेऊन भराभर चालणारी. तिला तर जागा हवीच होती, दोन वर्षं घरात बसून ती कंटाळली होती. अडचण एकच होती आणि ती सात महिन्यांची होती. तिचं नाव दर्पण.

दर्पणला घरी ठेवायचं कुणाकडे? पहिल्या बाजाराला गावात बाई म्हणून उरत नाही, पुरुष सगळे पाण्यावर. बाटली तो तोंडातून बाहेर फेकतो. पेज भरवली तर अर्धी कपाळाला लागते, आणि पोट भरलं तरी दोन तासांनी आई पाहिजे म्हणजे पाहिजे. म्हणजे पोर बाजारात न्यायचं. हेमालीच्या डोक्यावर पाटी, जमनाला हात मोकळे पाहिजेत पाटी उतरवायला. मग पोर कुठे?

इथे अर्चना आली. अर्चना तारापूरच्या कॉलनीत राहते, नवरा प्लांटमध्ये. जमनाचं जुनं गिऱ्हाईक. घासाघीस करते, पण पापलेटचे कल्ले उघडून बघत नाही, म्हणून जमनाला आवडते. तिची मुलगी आता शाळेत जाते. तिने मुलीचं बेबी कॅरियर धुऊन, घडी घालून, घिवलीला स्वतः आणून दिलं. जाड निळ्या कापडाचं, रुंद खांदापट्टे, कमरेला पट्टा, आणि प्रत्येक पट्ट्याला टक् करून बसणारं बकल. दोन मिनिटांत कसं घालायचं ते सांगितलं आणि रिक्षा थांबली होती म्हणून निघून गेली.

जमनाने ते उचलून उलटंसुलटं पाहिलं. म्हणाली, पोर हाय का गॅसचा बाटला? एवढे पट्टे कशाला?

हेमालीला मात्र ते भलतंच आवडलं. तिने दर्पणला लगेच त्यात घातलं नाही, एवढी अक्कल होती. आधी वजनाचा अंदाज घ्यावा म्हणून तिने घरात होतं ते भरलं. घरात काय होतं? सुकट. दर्पणच्या वजनाएवढी सुकट पिशवीत बांधून कॅरियरमध्ये बसवली आणि अंगणात येरझाऱ्या घातल्या. खांद्याला त्रास नाही, कमरेला त्रास नाही, हात मोकळे. ती खूश. गल्लीतली मांजरंही खूश. तीन मांजरं तिच्या मागे लागली, चौथं कुंपणावरून आलं. जमना पडवीत बसून इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मग कॅरियर तीन वेळा धुतलं, उन्हात घातलं, तरी दर्पणला त्यात बसवलं की बोका येऊन त्याचे पाय हुंगायचा.

पण हेमाली हटली नाही. दर्पण पोटाशी, पाटी डोक्यावर, दोन्ही मीच नेते, म्हणाली. आई, तुमी फक्त उतरवून घ्या. जमनालाही पटलं. का पटू नये? बायकांनी दोन ओझी एका वेळी नेली नाहीत असं कधी झालंय?

नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी बंदरावर रंगीत तालीम केली. धीरजने पाटीत बर्फ आणि ओला भुसा भरून खऱ्याइतकं वजन केलं. हेमालीने लुगड्याच्या कमरेच्या गाठीवरच पट्टा बांधला, दर्पणला आत घातलं, चुंबळ ठेवली, पाटी चढवली आणि चालू लागली. सुरेख चालली. मान ताठ, पाऊल सपाट, वाळूतसुद्धा डगमगली नाही. जमना लंगडत पुढे निघाली, रस्त्यावर उभी राहून बघायला. अंगात नुसती वीज खेळत होती तिच्या. जागा राहिली, सासूची जागा राहिली, ठकीचं तोंड बघायला मिळणार.

ती मागे वळली आणि हेमालीकडे पाहिलं. मग दर्पणकडे.

दर्पण झोपला होता. गाठीवरून पट्टा घसरला होता, पोर खाली सरकलं होतं. पाय नुसते लोंबत होते, पाठ धनुष्यासारखी वाकली होती. हनुवटी छातीला टेकलेली. नाक हेमालीच्या लुगड्याच्या चोळामोळा झालेल्या पदरात पुरतं रुतलेलं. पाटीतून गळणारं बर्फाचं पाणी त्याच्या टाळूवर ठिबकत होतं आणि पोर हलत नव्हतं. हेमाली हसत चालत होती. तिला दिसणार कसं? डोक्यावर पाटी असलेल्या बाईला मान खाली घालता येत नाही.

जमना धावली. गुडघा वगैरे काही आठवलं नाही. दोन्ही हातांनी तिने पोराचं डोकं वर उचललं, पदर बाजूला ओढला. दर्पणने एक मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि असं भोकाड पसरलं की दूरच्या होडीवरून धीरजने हाक मारली, काय झालं म्हणून. पाटी वाळूत पडली. कुणी बघितलंसुद्धा नाही.

हेमालीने दर्पणला बाहेर काढून उराशी धरलं. जमनाने तिला ओरडावं, पण ओरडली नाही, हे हेमालीला जास्त लागलं.

"पाटी नायतर पोर," जमना म्हणाली. "एका अंगावर दोन नाय. मला आदी कळाय पायजे होतं."

घरी येईपर्यंत ती दुसरं काही बोलली नाही. जमना न बोलता चालली हे गावाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

रात्र पडायच्या आतच तिने ठरवून टाकलं. पोर ती नेणार. स्वतः. हेमालीने विचारलं, आणि पाटी उतरवायला हात? जमनाने कॅरियरकडे बोट केलं. हात मोकळे राहतात म्हणूनच तर हे पट्टे आहेत ना? मग सासू की सून, पट्ट्याला काय फरक पडतो?

दुसऱ्याच दिवशी दोघी दर्पणला घेऊन अर्चनाच्या दारात. अर्चनाने बंदरावरची हकिगत ऐकली आणि डोक्याला हात लावला. स्वतःवरच चिडली, आणून दिलं आणि पळाले, म्हणाली. मग तिने पंखा लावला, चहा ठेवला आणि जमनाला मधोमध उभं केलं.

पहिलं म्हणजे कमरपट्टा. लुगड्याच्या गाठीवर नाही, गाठीच्या वर, हाडाच्या आधारावर, आणि घट्ट. वजन कमरेने पेलायचं, खांद्याने नाही. पोर आत तोंड करून बसवायचं. बुड खोल, गुडघे बुडापेक्षा वर, बेडूक बसतो तसे. कापड एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागेपर्यंत पोचलं पाहिजे, नाहीतर पाय लोंबतात आणि सगळा भार नको तिथे येतो. जमना प्रत्येक गोष्टीला हूं हूं करत होती आणि मध्येच अर्चनाच्या हातातून पट्टा ओढून स्वतःच घट्ट करत होती.

"आता मान खाली करा मावशी. पापा घेता येतो का त्याच्या टाळूचा?"

जमनाने मान वाकवली. ओठ टेकले.

"मग उंची बरोबर. आणि ही हनुवटी बघा, छातीपासून सुटी पाहिजे. तिथे दोन बोटं गेली पाहिजेत. पदर तोंडावर येऊ द्यायचा नाही. तोंड सारखं दिसलं पाहिजे तुम्हाला, झोपला तरी. आणि काही उचलायचं असेल तर कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं."

"गुडघे असते तर मी पाटीच नसती का नेली, ताई?"

अर्चनाला हसू आवरेना. मग ठरलं की जमनाने वाकायचंच नाही. काही पडलं तर पडू दे. मोटारसायकलवर तर कॅरियर घालून बसायचंच नाही हेही अर्चनाने बजावलं, कारण एरवी पोराला तसं फिरवायचा धीरजचा बेत होता. रिक्षात बसताना पोर बाहेर काढून मांडीवर घट्ट धरायचं. उतरलं की मग पट्टे.

त्या आठवडाभर घिवलीत जमनाचीच चर्चा. काष्ट्याचं लुगडं, नाकात मोती, आणि पोटावर निळ्या पट्ट्यांत बांधलेला नातू. ती पाणी भरायला तशीच, दुकानात तशीच. बायका विचारायच्या, जमने, ह्या वयात पुन्हा? ती म्हणायची, हो, आणि ह्या वेळी धाकट्याचं सगळं मी करणार.

ते ती थट्टेत म्हणायची, पण त्यात थट्टा थोडीच होती. स्वाती आणि धीरज दोघंही तिच्या कडेवर फार बसलेली नव्हती. पहाटे बंदर, मग पाटी, मग बाजार. धीरजला सहा वर्षांच्या स्वातीने कडेवर वागवलं, इतकं की पोरीची कंबर एका बाजूला झुकली असं सासू म्हणायची. जमनाच्या डोक्यावर सतत मासळी असायची आणि मुलं घरी असायची. तिला त्याचं वाईट वाटायला वेळ मिळाला नव्हता. आता दर्पण तिच्या छातीवर घोरायचा, तिच्या लुगड्यावर लाळ गाळायचा, आणि ती कामं संपली तरी पट्टे सोडायची नाही. सोडा आता, हेमाली म्हणायची. झोपू दे, ही म्हणायची.

संध्याकाळी दोघी पाटी उतरवायचा सराव करायच्या. तेव्हा दर्पण धीरजपाशी असायचा. सासू समोर उभी, सून समोर उभी, चार हात पाटीला, एक दोन, आणि खाली. बिनचूक. दोघींना वाटलं, झालं.

पहिल्या बाजाराच्या दिवशी बोईसरला जाणाऱ्या रिक्षा आणि टेम्पो मासळीने वाहत होते. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीनंतरची पहिली ताजी मासळी. हेमालीच्या पाटीत बोंबील, कोलंबी आणि वर देखणी पापलेटं. रिक्षात जमनाने दर्पणला मांडीवर दाबून धरलं आणि ड्रायव्हरला प्रत्येक खड्ड्याला शिवी दिली. बाजाराच्या तोंडाशी उतरल्यावर तिने त्याला कॅरियरमध्ये बसवलं. पट्टा गाठीच्या वर. गुडघे वर. पापा घेतला. दोन बोटं हनुवटीखाली घातली. टक्, टक्. हेमालीच्या डोक्यावर पाटी चढली आणि दोघी निघाल्या.

बाजाराने मान वळवून पाहिलं. ओट्यावरच्या सगळ्या बायका उभ्या राहिल्या. ठकीही उभी. तिच्या शेजारी तिची भाची नवी साडी नेसून आलेली, उगीच नाही आली. जमनाचं काळीज ढोलासारखं वाजत होतं आणि त्या ढोलाला कान लावून दर्पण झोपला होता.

ओट्याशी हेमाली थांबली. जमना समोर उभी राहिली. दोन्ही हात वर केले.

आणि तिथे थांबले.

पाटी वरून खाली येणार कुठून? दोघींच्या मधून. आणि दोघींच्या मधे दर्पण होता. ओल्या, जड पाटीचा काठ सरळ त्याच्या डोक्याच्या वाटेत. सराव केला तेव्हा मधे पोर नव्हतं. चालण्याचा सराव पोरासकट केला, उतरवण्याचा पोराशिवाय. दोन शहाण्या बायका, आणि हे एवढं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

जमना आडवी वळली, तर दुसरा हात पोचेना. पुन्हा समोर झाली. हेमालीच्या मानेची शीर ताठ झाली होती, पाटीचं पाणी तिच्या कानावरून ओघळत होतं. ती दात आवळून म्हणाली, "आई, लवकर." पट्टे सोडून पोर कुणाच्या हाती द्यावं तर तोवर हेमालीची मान टिकली पाहिजे. ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, हात लावा गं कुणीतरी, आणि तिला दुसरीने गप्प केलं. हात लावला की जागा गेली.

ठकी ओट्यावरून खाली उतरली.

ती जवळ येताना जमनाने तिच्याकडे पाहिलं. एक बोट पुरे होतं. मदत केली म्हणाली असती तरी कुणी तिला दोष दिला नसता. ठकीने हात पदराला पुसले. जमनाचा खांदा धरून तिला अर्धं वळवलं, आणि मग आपले दोन्ही तळवे दर्पणच्या डोक्यावर घागरीवर झाकण ठेवावं तसे ठेवले. स्वतःची पाठ पाटीकडे केली.

"उतरव आता," ती म्हणाली. "माज्या पाठीवर आपटली तरी चालंल."

जमनाने हात वर केले. अर्ध्या वळलेल्या अंगाने दोन्ही हात पोचले. चार हात, एक दोन, आणि पाटी ठकीच्या पाठीला घासत, तिची चोळी भिजवत ओट्यावर टेकली.

"पाटीला माजं बोट लागलं का?" ठकीने सगळ्यांकडे बघत विचारलं. "पाटीनेच मला धरलं. सगळ्यांनी बघितलं ना?"

सगळ्यांनी बघितलं होतं. हशा पिकला, कुणी टाळ्या वाजवल्या. ठकीची भाची मात्र हसली नाही आणि ठकीही तिच्याकडे बघेना. ठकी जमनाला हळूच म्हणाली, पोर मधे होतं म्हणून, हां. पुढच्या वेळी पोर घरी ठेव.

हेमाली ओट्यावर चढून बसली. कोलंबीचे वाटे लावले, पापलेटं पुढे मांडली, बोंबील ओल्या फडक्याखाली. गिऱ्हाईक येऊ लागलं. आणि हेमाली गप्प. घरात वाघीण, इथे तोंडातून शब्द फुटेना. शेजारी ठकी गर्जत होती, पलीकडच्या गर्जत होत्या, माणसं त्यांच्याकडे वळत होती. पहिल्याच दिवशी भवानी झाली नाही तर बाजार म्हणणार, जागा घेतली पण पेलवली नाही.

जमनाच्या घशाशी हाक आली. अशी हाक की स्टेशनवरचं गिऱ्हाईक मागे फिरलं असतं. तिने तोंड उघडलं, आणि खाली पाहिलं. दर्पण गाढ झोपला होता, गाल तिच्या छातीवर चपटा झालेला, नाक मोकळं, हनुवटी सुटी. एवढ्या गोंगाटात झोपला होता, पण तो गोंगाट लांबचा होता. ही हाक त्याच्या कानाखालून निघणार होती.

तिने तोंड मिटलं. हेमालीकडे बघून फक्त हनुवटी उडवली. ओरड.

हेमालीने मानेनेच सांगितलं, तुमी.

जमनाने पोटावरच्या निळ्या कापडाकडे बोट दाखवलं आणि खांदे उडवले. मला कसं जमणार?

एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेला एक कामगार पापलेटवरून नजर फिरवून पुढे निघाला होता. हेमालीने त्याची पाठ पाहिली. मग डोळे मिटले आणि हाक मारली. पहिली चिरकी निघाली. दुसरी बरी निघाली. तिसरी अशी निघाली की कामगार दचकून वळला आणि ठकीने कानात बोट घातलं.

"कैसे दिया?" त्याने विचारलं.

हेमालीने भाव सांगितला. जमनाला तो कमी वाटला. फारच कमी वाटला. ती पुढे झाली, सांगायला, की ह्या पापलेटला ह्या भावात कुणी हातसुद्धा लावू देणार नाही. दर्पण कुशीत हलला, त्याची मूठ तिच्या चोळीत घट्ट झाली. जमना जागच्या जागी थांबली, पाटीतून गळणाऱ्या पाण्यापासून एक पाऊल मागे झाली, आणि त्याच्या टाळूवर ओठ टेकवून उभी राहिली, तोंड बंद ठेवायला दुसरा उपाय नव्हता म्हणून. हेमालीने पापलेट तोललं, कागदात गुंडाळलं, पैसे कपाळाला लावले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.